दगडी हत्ती, बिनस्वाराचा घोडा आणि भरतीची वेळ: मुलांसोबत चार दिवस मुंबई

नाशिकच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्रिपुरी पौर्णिमेच्या आठवड्यात, गुरुवार ते रविवार, त्या मुंबईत असतील. मुक्काम दादरला नणंदेकडे. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची, सोबत ६८ वर्षांच्या सासूबाई, ज्यांचे गुडघे दुखतात. शुक्रवारी पौर्णिमा आहे. त्या लिहितात, "मुलं संग्रहालयात दहा मिनिटांत कंटाळतात. मॉल नको. चार दिवसांत काय काय बसवता येईल?"

ताई, मी गेली बावीस वर्षं शाळांच्या सहली आणि लहान मुलांची कुटुंबं घेऊन मुंबई दाखवते. पहिल्या वर्षी मीही "काय काय बसवता येईल" याच हिशेबाने निघाले होते. पाचवीच्या चाळीस मुलांना एका दिवसात तीन संग्रहालयं दाखवली. तिसऱ्या इमारतीत एका मुलीने माझा हात धरून विचारलं, "बाई, अजून किती काचा राहिल्या?" तिने दिवसभर काचाच मोजल्या होत्या. काचेमागच्या वस्तूंशी तिचा काही संबंधच जुळला नव्हता, आणि तो जुळवून देणं माझं काम होतं.

तेव्हापासून मी मुलांना वस्तूंच्या जोड्या शोधायला लावते. एक वस्तू संग्रहालयात बघायची आणि तिची जोडीदार दुसऱ्या दिवशी बाहेर, गावात शोधायची. मुंबईत अशा जोड्या भरपूर आहेत, कारण या शहरातल्या मोठमोठ्या वस्तू आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसल्या आहेत. आणि मुंबईचा दिवस घड्याळाआधी समुद्राला विचारून आखायचा. तुम्ही पौर्णिमेच्या आसपास येताय, त्यामुळे हे तर फारच महत्त्वाचं.

आधी समुद्राचं सांगते. कोकणातला जुना हिशेब असा: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास भरती. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी, साडेपाचच्या आसपास. आदल्या दिवशी चतुर्दशी, चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणून ओहोटी पावणेपाचला. रोज पाऊण तास पुढे सरकत जायचं. हा अंदाज आहे, अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, म्हणून निघण्याआधी त्या दिवशीचं भरतीचं वेळापत्रक बघाच. पण अकरा वर्षांच्या मुलाला हा हिशेब नक्की शिकवा. कालनिर्णय समोर ठेवून त्याला स्वतः वेळ काढू द्या आणि मग वेळापत्रकाशी ताडून बघू द्या. घरून निघण्याआधीच सहलीची सूत्रं त्याच्या हातात येतात. शिवाय अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं, तेव्हा किनारा फारसा उघडा पडत नाही. तुमची तारीख म्हणूनच चांगली आहे.

आता दिवस. तुमच्या वारांचा एक फायदा आहे. भायखळ्याची राणीची बाग (प्राणिसंग्रहालय) आणि तिच्या आवारातलं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असतं; घारापुरीची लेणी, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि वरळीचं तारांगण सोमवारी. तुम्ही दोन्ही वार टाळलेत.

गुरुवारी सकाळी भायखळा. दादरहून मध्य रेल्वेने काही मिनिटांचं अंतर, पण सकाळी दक्षिणेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये सासूबाई आणि लहान मुलीला चढवू नका. टॅक्सी करा आणि साडेनऊला पोहोचा. आधी संग्रहालय की आधी बाग, यावर घरोघरी वाद होतो. माझं मत असं की आधी हत्ती.

संग्रहालयाच्या बाहेर बागेत एक मोठा दगडी हत्ती उभा आहे. लोक त्याच्यापाशी फोटो काढतात आणि पेंग्विन बघायला पळतात. मुलांना तिथे थांबवा आणि अंगावरचे सांधे शोधायला सांगा. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा हा किनाऱ्याजवळ उभा होता, आणि त्याच्यावरूनच त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८१४ साली त्याचं डोकं आणि मान गळून पडली. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, पण उचलताना यारी (क्रेन) मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आणले गेले आणि १९१४ मध्ये जोडून तो पुन्हा उभा केला. गोष्ट इथपर्यंत सांगा आणि एक प्रश्न सोडून द्या: "उद्या आपण याच्या घरी जाणार आहोत. तिथे आता काय असेल?" मुलगी रात्री झोपताना हत्तीबद्दल विचारेल, हे मी खात्रीने सांगते.

त्याच परिसरात दुसरी जोडी आहे. फोर्टमधल्या काळा घोडा चौकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तो मूळ घोडा फोर्टमध्ये नाही, इथे भायखळ्याला आहे. त्याच्यावर सातवा एडवर्ड बसलेला आहे. तो युवराज असताना १८७५-७६ मध्ये मुंबईला आला होता, त्याची आठवण म्हणून सर अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा दिला. १९६५ मध्ये तो फोर्टमधून हलवला गेला, पण चौकाचं नाव मात्र लोकांच्या तोंडी तसंच राहिलं. मुलाला घोड्याचं चित्र वहीत काढायला सांगा, स्वारासकट. शनिवारी ते कामाला येणार आहे.

आता संग्रहालयात शिरा. हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय, १८७२ मध्ये लोकांसाठी उघडलं. तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचं नाव होतं. ते उभं राहावं म्हणून झटलेल्या डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव त्याला १९७५ मध्ये मिळालं. आत शिरताच छताकडे, खांबांकडे, सोनेरी नक्षीकडे लक्ष जाईल. मुलांसाठी खरा खजिना आहे तो मातीच्या छोट्या माणसांचा. कुणी सुतार, कुणी विणकर, कुणाची पगडी अशी, कुणाची तशी. एकोणिसाव्या शतकातली मुंबई वीतभर उंचीच्या माणसांमध्ये उभी केली आहे. ६ वर्षांच्या मुलीची नजर बरोब्बर त्या उंचीवर असते. तिला म्हणा, "यातली कोणती कामं आपल्या गल्लीत अजून चालतात?" माझ्या अनुभवात या एका कपाटापाशी पंधरा मिनिटं जातात.

मुलासाठी जुन्या मुंबईच्या बेटांचा नकाशा. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम ही सात बेटं त्याला एकदा मोठ्याने वाचू द्या. पुढचे तीन दिवस त्याने टॅक्सीत बसलं की सांगायचं, आपण कोणत्या बेटावर आहोत आणि कुठे पूर्वी पाणी होतं. वरळीच्या बाजूची खिंड अठराव्या शतकात बांध घालून बुजवली गेली, त्याआधी भरतीचं पाणी थेट आत शिरायचं. हा खेळ रहदारीत अडकल्यावर फार उपयोगी पडतो.

तासाभरात बाहेर पडा, अर्धं राहिलं असेल तरीही. उरलेला वेळ बागेत.

पेंग्विन बघायला मुलं हट्ट करणारच, आणि बघू द्या. हम्बोल्ट जातीचे हे पक्षी २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आणले आणि २०१७ पासून लोकांना बघायला मिळतात. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा किनारा, जिथे समुद्राचा थंड प्रवाह वाहतो. म्हणून काचेमागे त्यांच्यासाठी थंडावा ठेवावा लागतो. रांग भराभर पुढे सरकवतात, त्यामुळे दहा मिनिटांत बाहेर याल. पण राणीची बाग मला आवडते ती झाडांसाठी. ती १८६०च्या दशकात वनस्पती उद्यान म्हणूनच उघडली. तिथली गोरखचिंच बघा, तिच्या बुंध्याला तुमच्या घरातल्या सगळ्यांनी हात धरून वेढा घालून बघा. कैलासपतीच्या फांद्या सोडून खोडालाच फुलं आणि तोफगोळ्यासारखी फळं लागतात, ते मुलांना खोटं वाटतं. सासूबाईंना सावलीतला एक बाक बघून द्या. त्यांना झाडांची नावं तुमच्यापेक्षा जास्त माहीत असण्याची शक्यता आहे, तेव्हा मुलांना त्यांच्याकडे प्रश्न घेऊन पाठवा.

दीडला घरी जेवण आणि झोप. हे नक्की पाळा. दुपारची झोप गेली की संध्याकाळ मुलीच्या रडण्यात जाते आणि मोठ्यांच्या चिडचिडीत.

साडेतीनला उठून जुहू. गुरुवारी ओहोटी पावणेपाचची, त्याआधी अर्धा तास पोहोचायचं, म्हणजे पाणी उतरताना दिसतं. एकदा मी वेळापत्रक न बघता मुलं घेऊन किनाऱ्यावर गेले आणि पाणी थेट वरपर्यंत आलेलं होतं. मुलांनी लाटा बघितल्या, भेळ खाल्ली आणि परत गेली. समुद्र बघायला लागतं ते ओहोटीचं मैदान. ओल्या वाळूवर मोहरी-ज्वारीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल. बिळाभोवती सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या त्या गोळ्या एका चिमुकल्या खेकड्याने केलेल्या असतात. तो वाळू तोंडात घेतो, तिच्यातलं खाण्यासारखं वेगळं काढतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. पाऊल वाजलं की सगळे खेकडे आत जातात. दोन मिनिटं पुतळ्यासारखं उभं राहिलं की एकेक बाहेर येतो. लहान मुलांना गप्प उभं करण्याचं यापेक्षा चांगलं कारण मला तरी ठाऊक नाही. चालणारा शंख दिसला तर उलटा करू नका, आत शंखकरी खेकडा असतो आणि ते त्याचं उसनं घर आहे. रिकामे शिंपलेही मूठभरच घ्या.

दोन सूचना मात्र कडक. पाण्यात पोहायचं नाही, आणि गढूळ उथळ पाण्यात अनवाणी चालायचं नाही, कारण तळाशी पाकट बसलेली असू शकते. मुलांच्या पायात मागे पट्टा असलेल्या सँडल हव्यात. जेलीफिशसारखं निळं, बुळबुळीत काही वाळूवर पडलेलं दिसलं तर काठीनेही ढोसू नये. वांद्र्याच्या कार्टर रोडचे किंवा हाजी अलीजवळचे खडक ओहोटीत याहून श्रीमंत असतात. तिथे खडकांतल्या डबक्यांत समुद्रफुलं, गोगलगायी, क्वचित छोटा ऑक्टोपसही दिसतो. पण तिथलं शेवाळ निसरडं असतं आणि ६ वर्षांच्या मुलीला घेऊन पहिल्याच वेळी मी जाणार नाही. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमाचे जाणकार अशा ठिकाणी लोकांना फिरवतात. मुलगा मोठा झाला की त्यांच्यासोबत जा.

सहाच्या सुमारास सूर्य बुडेल. अंधार पडण्याआधी वाळूवरून वर या.

शुक्रवार, पौर्णिमा. हत्तीच्या घरी जायचं. गेटवेहून सकाळची पहिली बोट पकडा, नऊच्या सुमाराला तिथे असा. आठवड्याच्या मधला वार म्हणून हा दिवस निवडला आहे, शनिवार-रविवारी धक्क्यावर उभं राहायला जागा नसते. दुसरं कारण पुन्हा भरतीचं. ओहोटीत गेटवेच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, त्या ओल्या आणि शेवाळलेल्या असतात, आणि बोट खाली गेलेली असते. शुक्रवारी नऊला पाणी चढत असेल, बोट पायरीच्या बरोबरीला येईल, सासूबाईंना चढणं सोपं जाईल. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, मुलीच्या मापाचं मागून घ्यायचं. नसेल तर ती बोट सोडून पुढची घ्यायची. यात भीड बाळगू नका.

तासाभराचा प्रवास आहे. मुलाला काम द्या: जहाजं ओळखणं, नौदलाची करडी, मालाची मोठी, मच्छीमारांची रंगीत. घारापुरीच्या धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, त्यापुढे सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना टोप्या-माळांची दुकानं. सासूबाईंसाठी डोली मिळते. भाडं आधी ठरवा, आणि जाऊन येऊन धरून ठरवा. त्यांना डोलीत बसायला संकोच वाटत असेल तर आग्रह करू नका. मग तो दिवस त्यांनी नणंदेकडे आराम करावा, कारण संध्याकाळी त्यांच्यासाठी एक गोष्ट राखून ठेवली आहे.

लेण्यात वाटाड्ये तुम्हाला सांगतील की समोरची तीन तोंडांची मूर्ती म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. हे चूक आहे, आणि मुलांनी ते तसं घेऊन घरी जाऊ नये म्हणून मी दरवेळी थांबून सांगते. तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. मधलं शांत, डोळे मिटलेलं. आपल्या डाव्या हाताचं उग्र, मिशा असलेलं, हातात साप. उजव्या हाताचं कोमल, हातात कमळाची कळी. एकच माणूस रागावलेला, शांत आणि प्रेमळ कसा दिसतो, हे ६ वर्षांच्या मुलीला लगेच समजतं. तिला तीन चेहरे करून दाखवायला सांगा. मूर्ती दुमजली घराएवढी उंच आहे आणि डोंगरात खोदून काढलेली, बाहेरून आणून बसवलेली नाही. मुलाला म्हणा, "इथे एकही दगड जोडलेला नाही. काढून टाकलेल्या दगडातून उरलं ते हे." मग भिंतींवर कैलास हलवणारा रावण शोधायला लावा. शिव-पार्वतीचं लग्नही शोधा, त्यातली पार्वतीची लाजरी मान बघून सासूबाई हसतील.

आणि हत्तीचं काय? जिथे तो उभा होता ती जागा बेटाच्या दक्षिण बाजूला, रोजच्या वाटेपासून दूर. तिथपर्यंत जायची गरज नाही. परतीच्या बोटीतून बेटाकडे बघत मुलांना एवढंच सांगा की कित्येक शतकं समुद्रावरून येणाऱ्याला आधी तो दिसायचा. या क्षणी मुलं गप्प होतात, आणि मी पुढे काही बोलत नाही.

माकडं हातातली पिशवी ओढतात. खाणं बाहेर दिसू देऊ नका, बाटलीसुद्धा. दोनपर्यंत परत या.

संध्याकाळी अंगात त्राण असेल तरच बाणगंगा. वाळकेश्वरच्या या तळ्यावर त्रिपुरी पौर्णिमेला पायऱ्यांवर दिवे लावतात आणि आरती होते. गर्दी असते, तेव्हा खालच्या पायऱ्यांवर मुलांना नेऊ नका, वरच्या बाजूनेही सुंदर दिसतं. समुद्र पावलांवर आहे आणि तळ्याचं पाणी गोडं आहे, हे मुलाला सांगा. सकाळपासून त्याने खारं पाणीच पाहिलं आहे, त्याला याचं नवल वाटेल. सासूबाईंसाठी माझ्या मते ही अख्ख्या सहलीतली सर्वांत चांगली संध्याकाळ असेल.

शनिवार फोर्टचा. दादरहून भुयारी मेट्रोने हुतात्मा चौकाला उतरा. लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे गुडघ्यांना त्रास नाही. तिथून काळा घोडा चालत. चौकात आज उभा आहे तो २०१७ मध्ये बसवलेला नवा घोडा. आता मुलाने वही काढायची आणि गुरुवारच्या चित्राशी ताडून बघायचं. घोडा आहे, स्वार नाही. "का नसेल?" हे त्याला स्वतःला शोधू द्या. एका चौथीच्या मुलाने मला उत्तर दिलं होतं, "कारण आता तो कुणाचाच नाही." तेव्हापासून मी हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जात नाही.

समोरच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पायाभरणी १९०५ मध्ये, वास्तुरचना जॉर्ज विटेट यांची. पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होतं, संग्रहालय लोकांना उघडलं ते १० जानेवारी १९२२ला. घुमट बघून तुम्हाला विजापूरचा गोल घुमट आठवला तर तुमची नजर बरोबर आहे, तो त्याच्यावरूनच बेतलेला. पण नाशिककरांना मी दुसरीकडे बघायला सांगते. आतल्या मधल्या दालनातले लाकडी खांब आणि कमानी नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून बसवलेल्या आहेत. हे आत शिरल्याबरोबर मुलांना सांगा. परक्या इमारतीत आपल्या गावचं माणूस भेटावं तसं होतं. घुमटाखालून फिरताना दहा वेळा ती मुलं त्या खांबांकडे बघतील.

इथे वस्तू हजारो आहेत आणि म्हणूनच इथे मुलं सर्वांत जास्त दमतात. दीड तास, त्याहून एक मिनिट जास्त नाही. प्रत्येक मुलाने दोन वस्तू स्वतः निवडायच्या आणि पेन्सिलीने काढायच्या. शाईचं पेन नको, पेन्सिलच न्या. मुलगा बहुधा शस्त्रांच्या दालनात अकबराच्या चिलखताजवळ थांबेल. मुलगी प्राणी-पक्ष्यांच्या दालनात. तुम्ही स्वतःसाठी सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या आज्ञेचा तुकडा बघा. आजच्या नालासोपाऱ्याच्या लोकलमध्ये जे गाव ऐकू येतं, ते दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी एवढं मोठं बंदर होतं की सम्राटाची आज्ञा तिथे दगडावर कोरली गेली. आवारात २०१९ मध्ये सुरू झालेलं मुलांचं स्वतंत्र संग्रहालय आहे. तिथे आधी जाऊ नका, शेवटी जा, नाहीतर मुख्य इमारतीत शिरायला मुलं तयार होत नाहीत.

जेवून सीएसएमटी. तिथे बाहेरूनच करायची प्राण्यांची शिकार. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, एकीकडे वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. मग भिंतीवर डोकं वर करून मोर, माकडं, सरडे शोधायचे. दोघांमध्ये पैज लावा, जो जास्त शोधेल त्याने संध्याकाळी आइस्क्रीम निवडायचं. मग तिथूनच ए-११५ क्रमांकाची विजेवर चालणारी दुमजली बस पकडा, ती नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रापर्यंत जाते. वरच्या मजल्यावर पहिल्या बाकावर बसायला मिळालं तर मुलीसाठी हाच दिवसाचा कळस. उतरून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसा. सासूबाईंना चालावं लागत नाही आणि समुद्र समोर असतो. दादरकडे परत निघताना साडेपाच ते साडेआठच्या लोकलची गर्दी टाळा, पुन्हा मेट्रोच बरी.

रविवारी तुम्ही दुपारनंतर परत निघणार असं धरते. सकाळी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. मेट्रोचं स्टेशन जवळच आहे. १९८५ मध्ये उघडलेल्या या केंद्रात काचा जवळजवळ नाहीतच. सगळं हाताने फिरवायचं, दाबायचं, ओढायचं. बाहेरच्या उद्यानात जुनं वाफेचं इंजिन, ट्राम आणि मारुत हे भारतात बनलेलं लढाऊ विमान उभं आहे. चार दिवसांत मुलं जे शांतपणे बघत आली त्याची भरपाई इथे होते, म्हणून ते शेवटी ठेवलं. तारांगण तिथून जवळ आहे आणि त्याचा एक खेळ मराठीत असतो. वेळ आधी विचारून घ्या, मराठीतलाच बघा. सासूबाईंनाही खुर्चीत मागे रेलून आकाश बघायला आवडेल.

आता न दाखवण्याच्या गोष्टी. तारापोरवाला मत्स्यालय बंद आहे, मुलांना त्याची आशा लावू नका. मासेच बघायचे असतील तर एका सकाळी दहाच्या सुमारास माहीमला सिटीलाइटजवळच्या गोपी टँक बाजारात जा. पापलेट, हलवा, बोंबील, मांदेली, माकूल, शिवंड, तिसऱ्या. विकायला बसलेल्या मावशींना गर्दी नसताना नाव विचारा आणि काहीतरी विकत घ्या, मग त्या आनंदाने सांगतात. बघून पळू नका, तो त्यांचा धंदा आहे. कान्हेरीची लेणी मला फार प्रिय आहेत, पण तुमच्या घरापाशी पांडवलेणी आहेत. रविवारच्या गर्दीत बोरिवलीला जाण्यापेक्षा या हिवाळ्यात मुलांना तिथेच न्या आणि पाण्याच्या पोढ्या (खडकात खोदलेली टाकी) मोजायला सांगा. फ्लेमिंगोसाठी ऐरोलीच्या केंद्रातून ठाण्याच्या खाडीत बोट निघते, तिच्या वेळाही भरतीवर ठरतात. पण त्रिपुरी पौर्णिमेला पक्षी नुकते येऊ लागलेले असतात. फेब्रुवारीत या, तेव्हा खाडी गुलाबी असते.

आणि रविवारी गाडीला वेळ उरलाच तर मलबार हिलच्या कमला नेहरू पार्कमध्ये मुलीला म्हातारीचा बूट दाखवा. नाही जमलं तर राहू द्या, तिला हत्ती मिळालेला आहे.